बटणावरची चित्रं आणि माऊसचा बाण : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा टूलबार कसा मांडावा, कुठली बटणं शेजारी शेजारी ठेवावीत यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बऱ्याच जणांनी मांडणी बाजूला ठेवून दुसरंच विचारलंय, आयकॉन धुरकट दिसतात, कडेला गुलाबी रेघ येते, कर्सर एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे वगैरे. मला आनंदच झाला, कारण हे सगळं कुठल्या क्लासमध्ये धड शिकवत नाहीत आणि युजर मात्र दिवसभर याच १६ पिक्सेलच्या चित्रांकडे बघत काम करत असतो. त्यामुळे यावेळी सगळा कॉलम यालाच देतोय.

प्रश्न : सर, आमचं चादरीच्या दुकानांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर डेल्फीत (विंडोजचे प्रोग्राम लिहायचं साधन) आहे, जुनं आहे पण गिऱ्हाईक सोडत नाहीत. जुन्या मॉनिटरवर टूलबारचे आयकॉन एकदम कडक दिसायचे. आता दुकानदार नवे लॅपटॉप घेतायत आणि त्यावर सगळं धुरकट. मोठ्या साइझचे आयकॉन विकत आणून टाकले, ते तर अजूनच लिबलिबीत दिसतात. काय करावं?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी एक बघा, फक्त आयकॉन धुरकट आहेत की अक्षरंपण? अक्षरांसकट अख्खी खिडकी धुरकट असेल तर आयकॉनला हातच लावू नका, दोष तिथे नाहीये. तुमच्या प्रोग्रामने विंडोजला ‘मला डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते) कळतो’ असं सांगितलेलं नसलं की विंडोज तो प्रोग्राम ९६ डीपीआयला, म्हणजे शंभर टक्क्यांना रंगवून घेतं आणि ते तयार चित्र ताणून स्क्रीनवर लावतं, मग धुरकट दिसणारच. हे सांगायची जागा म्हणजे मॅनिफेस्ट, प्रोग्रामसोबत जाणारी माहितीची छोटी फाइल. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून त्यात ‘पर मॉनिटर व्ही टू’ असा पर्याय मिळतो, लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडणाऱ्यांसाठी तोच बरा. पण नुसता पर्याय टाकून गप्प बसू नका, तो टाकला की मोजमापाची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते, आणि जुन्या फॉर्मवर जिथे जिथे पिक्सेलचे आकडे हाताने लिहिलेत ते सगळे तपासावे लागतात.

आता अक्षरं कडक आणि फक्त आयकॉन धुरकट असतील तर मुद्दा सरळ गणिताचा आहे. दुकानदाराच्या लॅपटॉपवर स्केलिंग १२५ टक्के असेल तर १६ चा आयकॉन २० चा व्हायला हवा, १५० ला २४, २०० ला ३२. दोनशेला सोपं असतं, एका पिक्सेलचे बरोब्बर चार होतात. पण १२५ ला तुमची एक पिक्सेलची रेघ सव्वा पिक्सेलची होते आणि सव्वा पिक्सेल नावाची वस्तू स्क्रीनवर नसते, मग एक पिक्सेल गडद आणि शेजारचा फिक्कट करडा अशी तडजोड होते, आणि तुम्ही ज्याला धुरकट म्हणताय ते हेच. सोळा ठिपक्यांची रांगोळी वीस ठिपक्यांवर ताणून बसत नाही, परत काढावी लागते, तसंच आहे हे.

विकत आणलेल्या आयकॉनचं दुखणं उलट आहे. २५६ चं चित्र २० वर आणलं की त्यातल्या १२ पिक्सेल जाड रेघेच्या वाट्याला एक अख्खा पिक्सेलसुद्धा येत नाही. वर त्या चित्रात सावल्या, चकाकी, कागदावरच्या बारीक ओळी असं काय काय असतं, ते सगळं मिळून राखाडी लगदा होतो. काहीजण सांगतील एसव्हीजी (वेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांच्या गणिताने साठवलेलं चित्र) वापरा, विषय संपला. ४८ च्या वर बहुतेक वेळा संपतो, हे खरं, पण १६ आणि २० ला नाही संपत, कारण वेक्टरची रेघ अर्ध्या पिक्सेलवर पडली की तीपण दोन करड्या रेघांमध्येच फुटते.

तर माझं म्हणणं असं, की रोज वापरातली जी दहाबारा बटणं आहेत (नवीन बिल, सेव्ह, प्रिंट, शोधा, परत) त्यांची चित्रं १६, २०, २४ आणि ३२ अशी चारही साइझला वेगवेगळी काढा, हाताने, पिक्सेल न् पिक्सेल बघत. सेव्हची फ्लॉपी घ्या. १६ मध्ये चारी बाजूंनी एक पिक्सेल मोकळा सोडला की १४ बाय १४ ची चौकट मिळते, चौकटीची रेघ एक पिक्सेलची, आत लेबल ८ रुंद. २० ला जाताना रेघ एक पिक्सेलचीच राहू द्या, फक्त चौकट १८ ची करा आणि लेबल १० चं. ३२ ला गेलात की मग रेघ दोनची करा. अधिकचं चिन्ह काढताना अजून एक गंमत लक्षात येईल, १६ ही सम संख्या असल्यामुळे तिला मधला कॉलमच नाही, म्हणून एक पिक्सेलची उभी रेघ मधोमध कधीच बसत नाही. तिथे एकतर रेघ दोनची करायची, नाहीतर चिन्हच १३ किंवा १५ रुंद काढायचं आणि एक बाजू मोकळी सोडायची.

डेल्फी १०.३ (२०१८ चं) किंवा पुढचं असेल तर इमेज कलेक्शन आणि व्हर्च्युअल इमेज लिस्ट हे दोन कंपोनंट आलेत, चारही साइझ कलेक्शनमध्ये टाका, स्क्रीनप्रमाणे योग्य ती निवडली जाते. त्याहून जुनं असेल तर चार इमेज लिस्ट (टूलबारच्या चित्रांच्या याद्या) ठेवा आणि फॉर्म उघडताना स्क्रीनचा पिक्सेल्स-पर-इंच बघून टूलबारला जोडा. थोडी हमाली आहे, पण एकदाच करायची.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सी प्लस प्लसमध्ये थेट विंडोजच्या एपीआयवर (विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनांवर) एक छोटा पेंट प्रोग्राम करतोय. पारदर्शक करायला बॅकग्राउंड मॅजेंटा (भडक गुलाबी) ठेवला तर आयकॉनच्या कडेला गुलाबी पिक्सेल राहतात. मित्र म्हणाला अल्फा (पारदर्शकतेचा आकडा) वापर, तर ते केल्यावर काही ठिकाणी कडा पांढऱ्या चमकतात आणि काही ठिकाणी काळपट. कुठे चुकतंय कळत नाहीये.
(एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : अरे, यात दोन वेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात, त्या आधी सुट्ट्या कर.

मॅजेंटाची पद्धत म्हणजे एक रंग ठरवायचा, साधारणपणे लाल २५५, हिरवा ०, निळा २५५, आणि इमेज लिस्टला सांगायचं की हा रंग दिसेल तिथे काही रंगवू नको. पण ती अगदी तंतोतंत तोच रंग बघते. तुझ्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरने गोल कडा मऊ दिसाव्यात म्हणून काठावर अर्धा निळा अर्धा मॅजेंटा असा मधला रंग भरलेला असतो, तो काही २५५, ०, २५५ नसतो, म्हणून तो राहतो आणि गुलाबी दिसतो. मध्ये कधी ती फाइल जेपेगमध्ये सेव्ह झाली असेल तर अजून वाईट, जेपेग रंग थोडेथोडे हलवतं आणि मग अख्ख्या बॅकग्राउंडला पुरळ उठल्यासारखं दिसतं. मॅजेंटाच वापरायचा असेल तर ब्रशचं अँटी-अलियासिंग (हेच कडा मऊ करणं) बंद कर, पेन्सिल टूलने कडक कडा काढ आणि बीएमपी किंवा पीएनजीच ठेव. जुन्या प्रोग्राममधले आयकॉन एवढे नेटके दिसायचे ते असंच एकेक पिक्सेल ठेवल्यामुळे.

आता अल्फा. ३२ बिटच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि चौथा आकडा पारदर्शकतेचा. हे साठवायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत रंग आहे तसा ठेवतात. दुसरीत रंगाला आधीच अल्फाने गुणून ठेवतात, तिला प्रीमल्टिप्लाइड म्हणतात. विंडोजचं अल्फाब्लेंड हे फंक्शन दुसऱ्या रीतीचीच अपेक्षा धरतं आणि पीएनजी फाइल मात्र पहिल्या रीतीची असते, सगळा घोळ इथे आहे. हिशोब करून बघ. पिक्सेल शुद्ध लाल, अल्फा १२८ म्हणजे निम्मा. गुणून ठेवला तर १२८, ०, ०. पांढऱ्यावर ब्लेंड करताना तो स्वतःचे १२८ आणि खालच्या पांढऱ्याचे उरलेले १२७ मिळून लाल २५५, हिरवा १२७, निळा १२७, छान फिकट लाल. न गुणता दिलास तर २५५ अधिक १२७ म्हणजे ३८२, जे बसतच नाही, म्हणून कडा भलत्याच भगभगीत होतात. आणि चुकून दोनदा गुणलंस, एकदा लायब्ररीने आणि एकदा तू, तर ६४ अधिक १२७ म्हणजे १९१, १२७, १२७, मळकट. तुझ्याकडे दोन्ही दिसतंय म्हणजे काही चित्रं एका वाटेने लोड होतायत आणि काही दुसऱ्या. सगळी चित्रं एकाच फंक्शनमधून लोड कर आणि गुणाकार फक्त तिथेच, एकदाच कर.

टूलबारपुरतं सोपं हवं असेल तर चित्रं आयसीओ फाइलमध्ये ठेव आणि इमेज लिस्टमध्ये आयकॉन म्हणूनच भर, मग हा गुणाकार तुला करावाच लागत नाही. फक्त दोन गोष्टी विसरू नको, इमेज लिस्ट ३२ बिट रंगाची बनव, आणि मॅनिफेस्टमध्ये कॉमन कंट्रोल्सची (विंडोजच्या तयार बटणं-टूलबारच्या संचाची) ६ नंबरची आवृत्ती मागून घे. ती विंडोज एक्सपीपासून आहे, पण न मागता मिळत नाही. न मागितलेल्या जुन्या आवृत्तीत अल्फा धड चालत नाही आणि पोरं दोन दोन दिवस चित्रातच खोट शोधत बसतात.

प्रश्न : दादा, मी दागिन्यांच्या डिझाइनसाठी सॉफ्टवेअर बनवतो, साज, ठुशी वगैरेचे फोटो घेऊन त्यावर रेषा काढायच्या, रंग उचलायचा असं काम असतं. रंग उचलायला ड्रॉपरचा कर्सर बनवला पण टोकाखालचा रंग न येता वेगळाच येतो. शिवाय अधिकच्या आकाराचा जो बारीक कर्सर आहे तो फोटोच्या काही भागात चक्क गायब होतो. कारागीर वैतागलेत.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचे कारागीर वैतागले ते अगदी बरोबर आहे. कर्सरचं टोक जिथे दिसतं तिथेच क्लिक लागला पाहिजे, यात एका पिक्सेलचीसुद्धा सूट नको, दागिन्याच्या कामात तर नाहीच नाही.

पहिल्याचं कारण हॉटस्पॉट. कर्सर हे ३२ बाय ३२ चं चित्र असतं पण क्लिक त्यातल्या एकाच पिक्सेलचा धरला जातो, तो पिक्सेल कुठला हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं. मला दाट शंका आहे की तुम्ही आयसीओ फाइल बनवून तिचा नुसता कर्सर करून घेतलाय. या दोन फाइलींची रचना जवळजवळ सारखी आहे. सुरुवातीला सहा बाइट, त्यात तिसरा-चौथा मिळून प्रकार सांगतात, आयकॉन असेल तर १ आणि कर्सर असेल तर २. त्यापुढे प्रत्येक चित्रासाठी १६ बाइटची एक नोंद. आयकॉनच्या नोंदीत जिथे प्लेन आणि बिटची संख्या असते, कर्सरच्या नोंदीत बरोब्बर त्याच जागी हॉटस्पॉटचे एक्स आणि वाय असतात. आणि आयकॉनला हॉटस्पॉटच नसल्यामुळे विंडोज त्याचा मध्य धरून चालतं. तुमच्या ड्रॉपरचं टोक खाली डावीकडे असणार, म्हणजे रंग टोकापासून साधारण १६ पिक्सेल उजवीकडे आणि तेवढाच वरचा उचलला जात असेल. मोजून बघा, तेवढंच अंतर निघालं तर रोग सापडला.

दुरुस्ती सोपी आहे, कर्सर एडिटरमध्ये फाइल सीयूआर म्हणून बनवा आणि हॉटस्पॉट ०, ३१ द्या. मोजणी शून्यापासून असते आणि वरून खाली जाते. हे मुद्दाम सांगतोय कारण त्याच फाइलच्या आत चित्राच्या ओळी मात्र खालून वर साठवलेल्या असतात, तुम्ही स्वतः कोड लिहून फाइल बनवत असाल तर इथे हमखास उलटापालट होते. टोकाच्या अगदी कडेला हॉटस्पॉट द्यायचा नसेल तर चित्र एक पिक्सेल आत सरकवा, पण मग आकडापण सरकवा.

दुसऱ्या प्रश्नाला जरा इतिहास आहे. जुन्या पद्धतीच्या कर्सरला दोन मास्क (कुठल्या पिक्सेलचं काय करायचं ते सांगणारे तक्ते) असतात, एक अँड आणि एक एक्सॉर, दोन्ही एकेका बिटचे. दोन्ही शून्य असतील तर काळा, अँड शून्य आणि एक्सॉर एक असेल तर पांढरा, अँड एक आणि एक्सॉर शून्य म्हणजे पारदर्शक, आणि दोन्ही एक असतील तर खालचा जो रंग असेल तो उलटा. ही चौथी युक्ती फार सुंदर आहे, पांढऱ्या कागदावर रेघ काळी दिसते, काळ्यावर पांढरी, वेगळं काही करावं लागत नाही. तुमचा अधिकचा कर्सर असाच असणार. पण १२८ च्या आसपासचा करडा रंग उलटा केला की येतो १२७, म्हणजे डोळ्याला तोच. दागिन्याच्या फोटोत सावलीचा, ऑक्सिडाइज्ड चांदीचा, मधल्या उजेडाचा भाग असतो ना, तिथे तुमचा कर्सर असूनही दिसत नाही.

म्हणून फोटोवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उलट्या रंगाचा कर्सर ठेवूच नका. मधे एक पिक्सेलची पांढरी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल काळा काठ, असा तीन पिक्सेलचा अधिक काढा, कुठल्याही रंगावर दोघांपैकी एक तरी दिसतोच. आणि अगदी मधला पिक्सेल आणि त्याच्या भोवतीचे दोनतीन मोकळे सोडा, कारागिराला ज्या मण्याचा रंग हवाय तो मणी तर दिसला पाहिजे, त्याच्यावरच रेघ आडवी पडली तर तो बघणार काय.

अजून एक, याच फाइलमध्ये ४८ आणि ६४ चं चित्रही ठेवा, हॉटस्पॉट प्रत्येकाचा वेगळा लिहायचा. मोठ्या स्क्रीनवर ३२ चा कर्सर एवढासा दिसतो, आणि विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून लोकांना सेटिंगमध्ये कर्सर आधीपेक्षा खूपच मोठा करायची सोय मिळालीय, चष्मा लागलेली माणसं ती वापरतात.

प्रश्न : आमच्या लॅबच्या रिपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट तयार होताना वाट बघण्याचा कर्सर लावलाय, पण माऊस जरा हलवला की परत बाण होतो आणि लोक परत परत प्रिंट दाबतात. दुसरीकडे उलट होतं, काम संपलं तरी गोल फिरतंच राहतं.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : माऊस हलला की विंडोज खिडकीला एक मेसेज पाठवतं, डब्ल्यूएम-सेटकर्सर, म्हणजे ‘आता कुठला कर्सर दाखवू?’ तुम्ही उत्तर दिलं नाही तर खिडकीच्या क्लासमध्ये नोंदवलेला कर्सर लागतो, तो बहुतेक वेळा बाणच. तुम्ही एकदाच सेटकर्सर म्हणून मोकळे झालात, पुढच्या हालचालीला विंडोजने तो पुसला. तो मेसेज स्वतः पकडा, माऊस खिडकीच्या आतल्या भागात आहे ना ते तपासा, तुमचा कर्सर लावा आणि ट्रू परत करा. काठावर मात्र हात घालू नका, खिडकी लहानमोठी करायचे बाण तिथे यायलाच हवेत. क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरत असाल तर ओव्हरराइड कर्सर लावला की हे सगळं तो बघतो, पण तिथे कर्सरची थप्पी असते, दोनदा लावला तर दोनदाच काढावा लागतो.

तुमचं दुसरं दुखणं बहुधा इथलंच. रिपोर्ट बनवताना मध्येच एरर आला, फंक्शन अर्ध्यातून बाहेर पडलं आणि कर्सर परत करायची ओळ चाललीच नाही. परत करणं नेहमी फायनलीमध्ये (एरर आला तरी चालणाऱ्या भागात) ठेवा, सी प्लस प्लस असेल तर एक छोटा क्लास करून त्याच्या डिस्ट्रक्टरमध्ये (बाहेर पडताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये).

पण खरं सांगू का, लॅबमध्ये पेशंट काउंटरवर उभा असताना नुसता फिरणारा गोल पुरत नाही. रिपोर्ट बनवायचं काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या धाग्यावर) न्या. खिडकीने ५ सेकंद मेसेज उचलले नाहीत की विंडोज तिला ‘नॉट रिस्पाँडिंग’ ठरवतं, आणि मग युजर प्रोग्रामच बंद करतो. काम मागे चालू असताना प्रिंटचं बटण मंद करून ठेवा, दोनदा दाबायचा प्रश्नच मिटतो, आणि कर्सर बाण अधिक छोटा गोल असा जो मिळतो तो लावा, त्याचा अर्थ मागे काम चालू आहे पण तुम्ही दुसरं काही करू शकता. पूर्ण वाट बघायचा कर्सर फक्त तेव्हाच, जेव्हा खरंच काही करता येत नाही. युजर कर्सरवर विश्वास ठेवतो हो, तो खोटं सांगायला लागला की माणूस त्याच्याकडे बघणंच सोडतो.

प्रश्न : मुलांना कॉम्प्युटर शिकवते. एकाने विचारलं, बाई, माऊसचा बाण तिरका का असतो, सरळ वर का नाही? मला सांगता आलं नाही.
(एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : फार छान प्रश्न विचारलाय मुलाने, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस जगाला दाखवला तेव्हा त्यांचा बाण सरळ वर बघणाराच होता. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो नावाचं मशीन झालं, त्यात कर्सरला जागा १६ बाय १६ पिक्सेल. एवढ्या कमी ठिपक्यांत सरळ उभा बाण काढला तर त्याच्या दोन्ही तिरक्या बाजू दातेरी होतात आणि ओळखायला येत नाही. तिरका केला की डावी बाजू एकदम उभी सरळ रेघ होते आणि उजवी बरोब्बर ४५ अंशांत, एक पिक्सेल खाली एक पिक्सेल बाजूला, दोन्ही स्वच्छ दिसतात. मुलांना चौकटीच्या वहीत १६ घरं आखून दोन्ही बाण रंगवायला सांगा, तास मजेत जाईल आणि कारण त्यांचं त्यांनाच दिसेल.

वहीवरून आठवलं, १९८४ च्या मॅकिंटॉशची चित्रं सुझन केर यांनी काढली, त्यासुद्धा चौकटीच्या वहीत घरं भरून, मनगटी घड्याळाचा वाट बघण्याचा कर्सर त्याच मशीनचा. त्यावेळी मॅकमध्ये एक कर्सर ६८ बाइटमध्ये मावायचा, ३२ बाइट चित्र, ३२ बाइट मास्क आणि ४ बाइट हॉटस्पॉट. नंतर विंडोज ३.० च्या आयकॉनचं कामही केर यांनी केलं. एवढ्याशा जागेत काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं हे ज्याला शिकायचंय त्याने त्यांची कामं मोठी करून, घरं मोजत बघावीत.

प्रश्न : डेल्फीच्या स्पीड बटणात एका आयकॉनचा काही भाग आपोआप पारदर्शक होतो. आणि बंद असलेलं बटण नीट बंद दिसत नाही.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : डेल्फी बिटमॅपचा खालचा डावा पिक्सेल बघतं आणि तो रंग पारदर्शक धरतं. तुमचं चित्र त्या कोपऱ्यापर्यंत गेलंय, तो कोपरा मोकळ्या रंगाचा ठेवा. बंद बटणाचं चित्र तुम्ही दिलं नाही तर डेल्फी मूळ चित्रावरून स्वतःच बनवतं आणि फिकट रंगांच्या चित्राचं ते चांगलं होत नाही. त्यापेक्षा एकाच बिटमॅपमध्ये चार चित्रं ओळीने ठेवा, साधं, बंद, दाबताना आणि दाबून राहिलेलं, याच क्रमाने, आणि नमग्लिफ्स (चित्रं किती ते सांगणारी सेटिंग) ४ करा. बंद चित्रात रंग काढून टाका आणि उठावही कमी करा. दाबलेलं बटण फक्त रंगाने दाखवू नका, लाल-हिरवा वेगळा न कळणारे बरेच लोक असतात, चित्र एक पिक्सेल खाली-उजवीकडे सरकवा, हाताखाली बटण दबल्यासारखं वाटतं.

प्रश्न : लिनक्ससाठी स्वतःची कर्सर थीम करायचीय, सुरुवात कुठून करू?
(एक वाचक, अमरावती)

उत्तर : पीएनजी चित्रं काढा, २४, ३२, ४८ अशा साइझची. प्रत्येक कर्सरची एक साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात दर ओळीला साइझ, हॉटस्पॉटचा एक्स, वाय, चित्राचं नाव, आणि हलता कर्सर असेल तर शेवटी मिलिसेकंद. ती एक्सकर्सरजेन या कमांडला दिली की कर्सर तयार. थीमच्या फोल्डरमध्ये कर्सर्स नावाचं फोल्डर आणि बाहेर इंडेक्स डॉट थीम ही फाइल. अडचण येते ती नावांची, एकाच बाणाला जुने प्रोग्राम एका नावाने हाक मारतात आणि नवे दुसऱ्या, म्हणून बरीच नावं लिंक करून ठेवावी लागतात. कुठलीही चालू थीम उघडून तिची लिंकांची यादी बघा, सगळं तिथे आहे.

प्रश्न : आम्ही मराठी आणि कोंकणीसाठी छोटा एडिटर करतोय. टूलबारवर बी, आय, यू (ठळक, तिरपं, अधोरेखित) न ठेवता देवनागरी अक्षरं ठेवायची इच्छा आहे पण १६ पिक्सेलमध्ये अक्षराचा गोळा होतो. फाँटने छापून बघितलं तरी तेच.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : हे करताय याचा खूप आनंद वाटला, जरूर करा. फाँटने मात्र छापू नका. एका मशीनवर मंगल असतो, दुसऱ्यावर निर्मला, तिसऱ्यावर अजून काही, आणि इतक्या लहान साइझला प्रत्येकाचं वळण वेगळं येतं. अक्षरसुद्धा चित्र म्हणूनच काढायचं.

देवनागरीचं अवघड हे की शिरोरेखा आपल्या दोन ओळी आधीच घेऊन बसते, वर मात्रा वेलांटी आली तर अजून तीनचार गेल्या, मग अक्षराला उरतं काय. म्हणून मात्रा नसलेलं, कमी वळणांचं अक्षर घ्या. ठळकसाठी ‘ठ’ सुरेख बसतो. वरच्या दोन ओळी मोकळ्या, मग दोन ओळींची शिरोरेखा, मग दोन ओळींचा छोटा दंड दोन पिक्सेल जाड, त्याखाली ८ बाय ८ चा गोल दोन पिक्सेल जाड काठाचा, आत ४ बाय ४ ची मोकळी जागा, आणि खाली दोन ओळी परत मोकळ्या. झाले १६. आतली जागा चारची आहे म्हणून तो भरत नाही, लांबूनसुद्धा ‘ठ’ च दिसतो.

तिरप्यासाठी ‘त’ घ्या. इथे अख्खं अक्षर तिरकं ढकललं तर शिरोरेखेला पायऱ्या पडतील, ती तशीच आडवी ठेवायची आणि फक्त खालचा भाग कलता करायचा, दर तीन ओळींना एक पिक्सेल डावीकडे. शिरोरेखेखाली ९ ओळी मिळाल्या तर तीन पिक्सेलचा कल येतो, तेवढा पुरतो. अधोरेखितसाठी बरेच लोक ‘अ’ घेतात पण तो १६ मध्ये गिचमिड होतो, त्यापेक्षा ‘ग’ बघा. अक्षर आणि खालची रेघ यांच्यात एक ओळ मोकळी हवीच, आणि ती रेघ दोन्ही बाजूंनी अक्षरापेक्षा एकेक पिक्सेल लांब काढा, नाहीतर वर शिरोरेखा खाली रेघ असं होऊन अक्षर डब्यात बसवल्यासारखं दिसतं.

२० आणि २४ ला परत काढावं लागेल, सोलापूरच्या वाचकांना सांगितलं ते इथे अजून जास्त लागू आहे. बटणावर माऊस नेल्यावर येणारी पट्टी मराठीत द्या, तिथे युनिकोडचीच (सगळ्या लिप्या चालणारी) फंक्शन वापरा, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. डेल्फी असेल तर डेल्फी २००९ किंवा पुढचं घ्या. आणि त्या पट्टीत नावापुढे शॉर्टकटही लिहा, ‘ठळक, कंट्रोल + बी’ असं, कारण टायपिंग करणाऱ्यांची बोटं त्याच कीवर बसलेली असतात आणि त्यांना नवं बटण ओळखीचं व्हायला तेवढी मदत होते.